अर्जावरचा क्रूस

†

आगाशी,
रविवार, २१ फेब्रुवारी १९९९

प्रिय क्लेमेंटीन,

तुझ्या मोठ्या बहिणीचा प्रेमाचा आशीर्वाद. मठात तुला सगळे सिस्टर म्हणतात, म्हणून पाकिटावर तसं लिहिते. आत मात्र तू माझी धाकटीच. नागपूरची थंडी ओसरली असेल. इथे उपवासकाळ सुरू झाला आणि नेमके आत्ताच वाडीतल्या राजेळी केळ्यांचे दोन घड पिकायला आलेत. सुकेळी करून पाठवीन. माझा गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतो, पण चालतो.

आपल्या ऑस्करच्या बसचं काय झालं, असं तू विचारलं होतंस. झालं एकदाचं. त्याच्या चार मिनीबस आणि अर्नाळ्याच्या सदानंदच्या तीन, आता एकाच कंपनीच्या. तुला आठवत असेल, पहिली बस दोघांनी मिळूनच घेतली होती आणि बसवर कोणाच्या आईचं नाव लिहायचं यावरून वर्षभरात वेगळे झाले होते. त्यानंतर चौदा वर्षं अर्नाळा ते विरार स्टेशन हे दोघे एकमेकांच्या पुढेमागे धावत राहिले. याची बस पाच चाळीसला, तर त्याची पाच पस्तीसला. गेल्या वर्षी ऑस्करच्या छातीत दुखलं, तेव्हापासून पहाटे उठून सदानंदची बस कधी सुटली हे बघायचा त्याला कंटाळा आला. सदानंदलाही आला होताच. दोघे रोवेनावहिनीच्या ओसरीवर बसले, चहा प्यायले आणि एक व्हायचं ठरलं.

पण सगळे परवाने एका नावावर करायला ठाण्याहून मंजुरी लागते. मार्गावर धंदेवाले दोनच. तेही एक झाले, तर लोकांना दुसरा पर्याय उरतो का, हे साहेब तपासणार होते. तशी नोटीस लागली, लोकांच्या हरकती मागवल्या. एकच हरकत आली. अर्नाळ्याच्या सत्तावीस मासळीवाल्या बायकांची, पहिला अंगठा रंभाचा.

त्यांचं म्हणणं साधं होतं. ऑस्कर टोपल्या घेत नाही, त्याच्या गाडीत ऑफिसची माणसं बसतात. सदानंदने एका गाडीची मागची बाकं काढून टोपल्यांना जागा केलीय. नव्या कंपनीच्या कागदात मात्र सातही गाड्या सारख्या, गादीच्या बाकांच्या. मग टोपली कुठे जाणार?

नऊ तारखेला तहसील कचेरीत सुनावणी झाली. मी रोवेनावहिनीबरोबर मागे बसले होते. ठाण्याचे साहेब शांत, एकेक ओळ वाचणारे. त्यांनी सदानंदला विचारलं, "तुमचं भाडं कोण ठरवतं?"

"ऑस्कर," सदानंद म्हणाला. सगळे हसले. "म्हणजे साहेब, तो वाढवत नाही, म्हणून मला वाढवता येत नाही."

"आणि तुम्ही का वाढवत नाही?" साहेबांनी ऑस्करला विचारलं.

"मी वाढवलं की सगळी माणसं याच्या गाडीत बसतील ना!"

"मग एक झाल्यावर काय कराल?"

या प्रश्नाचं उत्तर दोघांनी चहा पिताना ठरवलं नव्हतं.

मग साहेबांनी बायकांचा अर्ज हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "रंभाबाई, कागदाच्या माथ्यावर ही खूण कसली?"

मी मान खाली घातली. रंभा मात्र उठून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सायेब, आमच्याकडं होरी काय नि कागद काय, खून केल्याबगर पानयात सोडीत नाय."

साहेब हसले. ऑस्कर हसला नाही. त्याने मान लांब करून तो कागद पाहिला आणि मग वळून माझ्याकडे.

तू एव्हाना ओळखलंच असशील. अर्ज मी लिहिला. आई पाटीवर पहिल्या अक्षराच्या आधी क्रूस काढायला लावायची, आठवतं? तेव्हापासून दुधाची यादी लिहायची असली तरी माझा हात आधी तिथेच जातो. निवृत्त झाल्यापासून गावाचे अर्ज लिहिते. शिधापत्रिका असो, विजेचा मीटर असो, आजवर कोणाला नाही म्हटलेलं नाही. रंभा आली तेव्हा मी तिला विचारलं होतं, "बस कोणाची आहे, माहीत आहे ना?"

"म्हायती हाय टीचर, म्हनून तर तुमच्याकडं आले. दुसरा कोन लिवील तर भावाला शिव्या घालील. तुमी नाय घालनार."

लिहून दिला. चांगला लिहिला, आणि लिहिताना मला जराही लाज वाटली नाही.

लाज वाटली ती त्यानंतरच्या रविवारी, सुनावणीच्या आधी. ऑस्करकडे जेवायला बसलो होतो. तो म्हणाला, "या बायकांना हे डोकं कोणी दिलं असेल गं, हिल्डा?" आणि मी ताटातल्या बोयट माशाचा काटा काढत राहिले. बराच वेळ काढत राहिले. बोयटाला एवढे काटे नसतात.

सुनावणीनंतर तो माझ्याशी बोलला नाही. गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर माझ्याकडे चहालाही आला नाही. गेल्या वीस वर्षांतला त्याचा पहिला नागा. मी दोन कप केले होते, दोन्ही प्यायले.

शुक्रवारी निकालाचा कागद आला. मंजुरी मिळाली, पण अटींवर. सकाळची टोपल्यांची गाडी चालूच ठेवायची, दोन वर्षं लोकांना विचारल्याशिवाय भाडं वाढवायचं नाही आणि वेळापत्रक नाक्यावर लावायचं. रंभा स्वतः सांगायला आली, सोबत पानात गुंडाळलेला हलवा मासा. उपवासकाळातला शुक्रवार म्हणजे मांस नाही, मासे चालतात, हे तिला आपल्या फादरांइतकंच पाठ आहे.

इथपर्यंत लिहिलं आणि फाटक वाजलं. ऑस्कर. मी चहा ठेवला, तो माझ्या खुर्चीत बसला.

"कोणाला लिहितेस?"

"क्लेमेंटीनला."

"माझ्याविरुद्ध?"

"अर्धं."

त्याने चहा बशीत ओतला. "मला अर्जाचा राग नाही आला. अर्ज बरोबरच होता. मी समोर बसून विचारतोय आणि तू काटा काढत बसतेस, त्याचा आला."

"चुकलं माझं," मी म्हणाले. एवढंच म्हणायचं होतं, आणि तेवढ्यासाठी मला इतके दिवस लागले.

त्याने बशी संपवली. मग म्हणाला, "टोपल्यांच्या गाडीवर नाव घालायचंय. सदानंद म्हणतो, त्याच्या आईचं."

"मग?"

"घालू दे. ती बाई जन्मभर विरारपर्यंत टोपली घेऊन चालत गेली. आपली आई लुसी दुसऱ्या गाडीवर आहेच." आणि हसून म्हणाला, "चौदा वर्षांपूर्वी हे सुचलं असतं, तर तुला अर्ज लिहावा लागला नसता."

आता तो दारात उभा आहे. पत्र तोच स्टेशनजवळच्या पेटीत टाकणार आहे, म्हणून घाईत संपवते. तू प्रार्थनेत आमची दोघांची नावं घे, आणि रंभाचंही.

एक सांगायचं राहिलं. त्या सुनावणीपासून मी कुठल्याच कागदावर क्रूस काढत नव्हते. हे पत्रही तसंच सुरू केलं होतं. मघाशी ऑस्करच्या ते लक्षात आलं. त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं. वरचा क्रूस जरा वाकडा आहे. तो त्याचा आहे.

तुझी,
हिल्डा