पटावर जळलेला ट्रान्सफॉर्मर

बाई, चिमूरकडच्या त्या शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, माझ्या हुशारीची खरी किंमत काय झाली, ते आज बसून मांडलं. चार ट्रान्झिस्टर, एक ट्रान्सफॉर्मर, तुमची एक दुपार. एवढ्यावर भागलं असतं, पण त्यात तुमचं नावही गेलं.

ऐंशी सालानंतरचे दिवस. लाकूड चिरायच्या आरा गिरणीतली नोकरी सोडून मी लाउडस्पीकरचा धंदा सुरू केला होता आणि बायकोचा राग अजून उतरला नव्हता. तुम्ही वरोऱ्यात, स्वयंपाकघरातच पाट मांडून ट्रान्सफॉर्मर गुंडाळायच्या. हाताचं यंत्र, तांब्याची तार, ओठांवर आकडे. वेढे मोजताना कोणी बोललं की डोळ्यांनीच गप्प करायच्या; भाजी करपली तरी चालेल, आकडा चुकायला नको. माझी सगळी विद्या त्या उंबऱ्यावर बसून झाली. कान मात्र माझे स्वतःचे. भोंग्याची कॉइल घासते की पडदा फाटलाय, हे मी अजूनही रस्त्यापलीकडून सांगतो. आणि इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही ट्रान्सफॉर्मर जळला नाही, असं गिऱ्हाइकाला छाती काढून सांगतो. पटावरचा मी धरत नाही.

पटाचं मैदान लांबलचक. जोड्या सुटतात त्या टोकाला निकाल ऐकू जाईना, तिकडचे लोक ओरडायला लागले. एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून मी ऐकलं होतं की दोन अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांच्या उलट चालवून त्यांचा एकच मोठा करता येतो, त्याला ब्रिज म्हणतात. माझ्या स्टिरिओ मशीनमध्ये दोन अ‍ॅम्प्लिफायर होतेच, तुमचा एक ट्रान्सफॉर्मर दोघांना पोसत होता. मी ब्रिज केला आणि सोळा-सोळा ओहमचे चारही भोंगे बाजूबाजूने, म्हणजे पॅरलल, त्यावर बांधले. काय आवाज निघाला, बाई! बैल बिचकले. मग धूर निघाला.

समितीचे अध्यक्ष धावत आले. "काय झालं बे?"

"तारेचं वाइंडिंग कच्चं निघालं, भाऊ," मी म्हणालो.

"बाईमाणसाच्या हातचं घेतलं तं असंच होईन!"

लोक हसले. मीही हसलो.

हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. त्याच दुपारी एसटीनं मशीन घेऊन तुमच्या दारात उभा राहिलो. तुम्ही जळकं वार्निश हुंगलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

"आवाज किती मोठा आला?" तुम्ही विचारता.

"बैल पळाले, बाई."

तुम्ही खदखदून हसता. "मंग मले समजू दे. काऊन जळलं? काढ बरं जमिनीवर." मी कोळशानं आकृती काढतो. तुम्ही तिच्यातल्या दोन अ‍ॅम्प्लिफायरांवर बोट ठेवता. "यातलं एक ढकलते तवा दुसरं काय करते?"

"ओढते."

"म्हणजे तुह्या गिरणीतले आऱ्यावरचे दोन गडी. पातं दुप्पट धावते, तं दोघाईच्या हाताले ओढही दुप्पट लागन. आठ ओहमचा भोंगा ब्रिजवर टांगला का एकेकाले चारचाच वाटन." मग बोटांवर हिशेब. "चार भोंगे बाजूबाजूने, सोळाचे झाले चार. ब्रिजवर एकेकाले दिसले दोन. ओहम कमी तं मशीनवर भार जास्त; चाराच्या खाली उतरू नको, हे तुले कितीदा सांगतलं? दोन-दोन भोंगे एकामागं एक बांध. मंग त्या दोन जोड्या बाजूबाजूने. सोळाच राह्यतात, एकेकाले आठ. कान हायेत तुले, डोकं कुठी ठेवतं?"

ट्रान्झिस्टर मी बदलले, तार तुम्ही गुंडाळली. दिवेलागणीच्या गाडीनं मी परत निघालो. दुसऱ्या दिवशी पट शेवटच्या जोडीपर्यंत वाजला. पार त्या टोकापर्यंत.

पुढच्या वर्षी अध्यक्ष म्हणाले, "मशीन तुहीच आण, पण ट्रान्सफॉर्मर बाईचा नको." ते बोलणं गावोगाव फिरलं. एकदा तुम्ही रिकामं यंत्र पुसत विचारलंत, "चिमूरकडून कोणी येऊन नाई राह्यलं, काऊन रे?"

"रेडिमेड आले बाजारात, बाई," मी म्हणालो.

अध्यक्ष पुढे कित्येक वर्षं माझ्या दुकानात चहा प्यायले. रोज वाटायचं, आज सांगू. आता तेही नाहीत, तुम्हीही नाही, आणि तुमच्या पत्त्यावर मोबाइलचं दुकान आहे. हे पत्र टाकू तरी कुठं?

एक कोडं मात्र सुटत नाही. त्या दुपारी तुम्ही सगळं विचारलंत, फ्यूज असताना मशीन जळलंच कसं, तेवढं विचारलं नाही. मशीन जळायच्या आधी तो दोनदा उडाला होता. तिसऱ्यांदा मी त्याच्या जागी तांब्याची जाड तार घातली, आणि वरोरा यायच्या आत एसटीतच ती काढून खिडकीबाहेर फेकली.