अखेर पाळी आली

३ मार्च
आज पुन्हा मारलं. कारण काय, तर माझी हनुवटी! सकाळी ब्लेड फिरवायला विसरले आणि तशीच सासूबाईंपुढे गुडघे टेकून रोजचा नमस्कार करायला गेले. त्यांनी हनुवटी धरून वर केली. अंगणभर ऐकू जाईल अशा ओरडल्या — "किगुंडू, अरे बायको कुठाय तुझ्या घरात? दोन गडी झालेत!" शेजारणी खिदळल्या. नवऱ्याला तेवढं पुरलं. मोटरसायकलचं हेल्मेट फेकून मारलं. भुवई फुटली.

६ मार्च
भुवई शिवायला मसाक्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर अयेबारेबाईंनी हनुवटी पाहिली आणि विचारलं, पाळी येते का? म्हटलं, येते, तिच्या मर्जीनं. मशीन लावून पाहिलं. पीसीओएस. संप्रेरकांचा घोळ, म्हणाल्या. बीजं धड पिकत नाहीत, पाळी महिनोन्महिने लांबते, दाढी, वजन — जपलं नाही तर पुढे साखरेचा आजार.
"म्हणजे मी वांझ?"
"कोण म्हणालं? मधेच एखादं बीज सुटतं. सांगून नाही सुटत."
गोळ्या दिल्या. शाप नाही, आजार आहे! रस्ताभर एकटीच हसत आले.

७ मार्च
गोळ्या सासूबाईंनी संडासाच्या खड्ड्यात टाकल्या. "पुरुष व्हायची औषधं खातेस?" आता पाला उकळायला घेतलाय. रक्त उतरलं की कूस उघडेल म्हणे.

२८ मे
कडू पाणी, मार, कडू पाणी. पाळी नाहीच. त्या पाल्यानं सारखं मळमळतं.

९ जून
मीही मारलं! किगुंडू म्हणाला, दुसरी आणतो, वेळच्या वेळी पाळी येणारी. शेंगदाणे कुटत होते, तेच मुसळ मनगटावर हाणलं. हाड वाजलं. काय बरं वाटलं! मग त्यानं बुटासकट पोटात लाथ घातली. एकच. अजून सरळ उभं राहता येत नाही.

१० जून
आली! पाळी आली! केवढं रक्त, केवढ्या कळा — पण आली! सासूबाईंनी केळीच्या पानात मटोके, म्हणजे हिरवी केळी, वाफवले, वर शेंगदाण्याचं कालवण. पहिल्यांदाच "माझी लेक" म्हणाल्या. किगुंडू हात गळ्यात बांधून दारात ऐटीत उभा — "तुझ्या डॉक्टरणीला जमलं नाही. मी एका लाथेत आणली!"
मीसुद्धा हसले.

१३ जून
रक्त थांबेना म्हणून अयेबारेबाईंकडे गेले. त्यांनी पोटावर मशीन फिरवलं. मग माझा हात धरला. "ही पाळी नव्हती गं. बीज सुटलं होतं." तिसरा महिना होता.
आणि मी हसले! मटोके परत मागून घेतले!
घरी सांगितलेलं नाही. त्याचं दुसरं मनगट अजून शाबूत आहे. मुसळ उशाशी घेतलंय.