ल्हासाजवळ बंद पडलेला चीफ इंजिनियर

तीर्थस्वरूप नंदाताईस,

सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या अकराव्या मजल्यावरून प्रबोध, नीता आणि जाईचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की शेजारच्या बाईंना करायला लावून आपण खुर्चीत बसून आकडे मोजतेस? (शाळेत पी.टी.चा तास तू असाच घ्यायचीस, म्हणून विचारलं.) आम्ही तिघं तिबेटहून सुखरूप परत आलो. ‘सुखरूप’ हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. त्याचं श्रेय माझं नाही, म्हणून तर हे पत्र.

तू फोनवर म्हणाली होतीस, की छप्पन्नाव्या वर्षी बारा हजार फुटांवर जाऊन तुला काय सिद्ध करायचंय. त्यावर मी तुला ऐकवलं होतं, की तीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढली, एकदाही चक्कर आली नाही. (समुद्राची उंची शून्य फूट असते, हे नीताने तेव्हाच सांगितलं होतं. मी पेपर वाचत राहिलो.) ल्हासाला दोन दिवस डोकं ठणकत होतं, पण बोललो नाही. जाई दुकानातून ऑक्सिजनचा डबा घेऊन आली, तर तिला म्हणालो, हे आजारी माणसांसाठी असतं. “बाबा, डोन्ट ॲक्ट हीरो लाह,” म्हणाली आणि डबा आपल्या सॅकमध्ये टाकून मोकळी झाली. (आमच्याकडे प्रश्न मराठीत विचारायचा आणि उत्तर इंग्रजीत घ्यायचं, असं चालतं. मुलगी सोळा वर्षांची आहे, वाद घालण्यात अर्थ नाही.)

तिसऱ्या दिवशी ल्हामो नावाची आमची गाइड आम्हाला व्हॅनमधून एका खेड्यात घेऊन गेली. दोन्ही बाजूंना सातूची हिरवी शेतं, मागे बोडके डोंगर, आणि घरांच्या पांढऱ्या भिंतींवर थापलेल्या गोवऱ्या. ताई, हुबेहूब आपल्यासारख्या, पाच बोटांच्या ठशांसकट. फक्त गायीऐवजी याकच्या. मी व्हॅनमधून उतरून त्यांचा फोटो काढत होतो, तेवढ्यात समोरच्या अंगणात एक तरुण बाई हातट्रॅक्टरचं हँडल फिरवताना दिसली. इंजिन दोनदा खोकायचं आणि गप्प बसायचं. आता तूच सांग, चीफ इंजिनियरने अशा वेळी फोटो काढत उभं राहायचं? डिझेलच्या नळीत हवा अडकली आहे, हे मला आवाजावरूनच कळलं. पुढे झालो, नट ढिला केला, हवा काढली, नट आवळला आणि त्या बाईंना खुणेनेच बाजूला करून हँडल धरलं. नीता मागून “अहो, नको” म्हणत होती. मी तीन वेळा जोर लावून फिरवलं. इंजिन सुरू झालं आणि इंजिनियर बंद पडला.

थेट सुक्या शेणखताच्या ढिगावर पडलो. (मऊ असतं. डोकं फुटलं नाही ते त्यामुळेच.) पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. नाकावर जाईच्या त्या ऑक्सिजनच्या डब्याचा मास्क, कुणीतरी माझे बूट काढतंय, आणि कानाशी एक आवाज: “बाबा, डोळे उघड ना. बाबा, असं नको ना करू.” ताई, माझी मुलगी किती वर्षांनी माझ्याशी सलग दोन वाक्यं मराठीत बोलली असेल. मी लगेच डोळे उघडायला हवे होते. खरं सांगतो, तिसरं ऐकण्यासाठी थोडा थांबलो.

मला त्या घरात चुलीशेजारी निजवलं होतं. त्या तरुण बाईच्या सासूबाई, सगळे त्यांना मोला म्हणजे आजी म्हणत होते, माझे तळपाय चोळत होत्या. माझे तळपाय, ताई, ज्यांना नीतासुद्धा हात लावत नाही. मग त्यांनी चहा दिला. चहा म्हणजे खारट, वर लोणी तरंगणारा. एक घोट घेतला की त्या कप पुन्हा काठोकाठ भरायच्या. पाहुणचाराचा मान म्हणून मी सात कप प्यायलो. (नको असेल तर कप भरलेलाच ठेवायचा असतो, हे ल्हामोने आठव्याच्या वेळी सांगितलं.) मग भाजलेल्या सातूचं पीठ त्याच चहात मळून त्यांनी जाईला मुठीने गोळा करायला शिकवलं. मी पडून बघत होतो. दोघींची एकही भाषा जुळत नव्हती आणि तासभर त्या हसत होत्या. निघताना मी काही देऊ केलं तर मोलांनी घेतलं नाही. उलट माझ्याच गळ्यात पांढरा रेशमी शेला घातला आणि काहीतरी म्हणाल्या. ल्हामोने भाषांतर केलं: “ट्रॅक्टर चांगला चालतोय, पण पुढच्या वेळी नुसतं बसून सांगा.”

ल्हासाकडच्या उतरणीवर डोकं हळूहळू हलकं झालं. इथे तांजोंग पगारच्या माझ्या ऑफिसात लोक विचारतात, काय पाहिलं? मला मोलांचे हातच दिसतात. आपली कुणी नसताना एवढं केलं त्यांनी. कुणाला तरी हे नीट सांगायचं होतं.

तुझा,
प्रबोध

ता. क. पडल्याचं तुला कळवायचं नाही, अशी नीताची सक्त ताकीद आहे. ती फोनवर असेल तेव्हा पत्रात निसर्गवर्णन होतं असंच म्हण. (डोंगर तपकिरी, आकाश निळं, हवा विरळ. एवढं पुरे.)

ता. क. २. खरं काम आता लिहितो. परतीच्या व्हॅनमध्ये जाईने विचारलं, “आत्या मिरजेत एकटीच राहते?” मग फोनवर सुट्टीच्या तारखा बघायला लागली. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुट्टीत तिला सहा आठवडे तुझ्याकडे यायचं आहे, आमच्याशिवाय. मी म्हणालो, तूच विचार. खालचं तिने स्वतः लिहिलंय, मी हात लावलेला नाही.

आत्या, मी एऊ का? मला मराठी मधे भांडता येत नाही. ते पण शीकव. – जाई