‘पुरुष’वर केलेली खूण

मंगळवार, संध्याकाळ. कळवणहून नुकताच परतलो.

बातमीसाठी तिथल्या एका शाळेतल्या शिक्षकांकडून कामाच्या बोजाबद्दलचे फॉर्म भरून घ्यायला गेलो होतो. फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं, म्हणून स्वतःवर भलताच खूश होतो. पवारबाई हळूच म्हणाल्या, “सर, नाव नको म्हणता, पण ‘स्त्री’वर खूण केली की झालं. इथे बाई मी एकटीच.” मग त्यांनी ‘पुरुष’वर खूण केली आणि मतदार यादीपासून खिचडीच्या हिशेबापर्यंत सगळं खरं लिहिलं.

भरलेले फॉर्म आधी मुख्याध्यापकांच्या हातात गेले. शाळेची रीतच तशी. एक वाचून ते हसले, “लय सोसलंय यानं. अहिरे, तुम्हीच ना हे?” अहिरे सर नाही नाही म्हणत राहिले. बाई वह्या तपासत होत्या. मीही गप्प. मौनाची थोरवी संस्कृतात पाठ केली होती; आज ते नेमकं कुणाच्या कामी आलं?

आत्ता अहिरेंचा फोन. “बदलीला मुख्याध्यापकांची शिफारस लागते, सर. मी लिहिलं नाही, एवढं सांगा ना त्यांना.”

सांगितलं तर शोध पुढे सरकणार, आणि सरकत सरकत बाईंपाशीच थांबणार.

“बघतो,” म्हणालो. त्यांनी दोनदा आभार मानले.