इंगाला या शनिवारी पाठवू नकोस

प्रिय आई,

तू पाठवलेला सफरचंदाचा मुरंबा पोचला. अभ्यास छान चाललाय. बाबांना सांग, आपल्या घरातली पहिली पदवी मी आणणारच.

इथे जेवताना वसतिगृहाच्या मिसेस हॅडली पेल्यावर चमचा वाजवून सूचना वाचतात. सोमवारी त्यांनी वाचलं, "रंगकामासाठी पोहण्याचा तलाव बंद आहे." मी म्हटलं, "रंगाचा वास तर कुठेच येत नाही." माझ्या खोलीतली डोरीन म्हणाली, "थेल्माबाई, तुमचं नाक परीक्षेसाठी राखून ठेवा!" सगळ्या हसल्या.

काल डोरीनला दवाखान्यात नेलं. तिला हनुवटी छातीला टेकवता येईना. नर्स हळूच म्हणाली, "पोलिओच दिसतोय."

आज सूचना आली, "डोरीन घरी गेली आहे. धाकट्या बहिणींना वसतिगृहात बोलावण्याचा शनिवार ठरल्याप्रमाणे होईल."

मी उभी राहिले. "मॅडम, बहिणींच्या घरी खरं कळवायला नको का?"

"खाली बस पोरी, उगाच घबराट करू नकोस. सूप निवतंय."

तलावही पोलिओच्या भीतीनेच बंद केला असणार. विद्यापीठात कुणी खोटं बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

इंगा रुसेल, नवा झगा शिवलाय ना तिने? तरी तिला पाठवू नकोस. गावातल्या बाकीच्या आयांनाही सांग.

मी बरी आहे. सकाळपासून मान ताठली आहे, म्हणून कागद उंच धरून लिहितेय. उशीमुळे असेल.

पत्र वाचून झालं की चुलीत टाक. आणि इंगाला जवळ घेण्याआधी हात धू.

तुझीच,
थेल्मा