आपाच्या कपाळावरची हिरवी बट

प्रिय सुयुम ताएजेस,

सलाम. तुम्ही कशा आहात? गुडघा आता कसा आहे, मॉस्कोत बर्फ सुरू झाला का, आणि पार्लरची मालकीण अजून पगाराच्या दिवशीच आजारी पडते का? इकडे सगळे खुशाल आहोत. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. बटाटे निघाले, जर्दाळू वाळून पोत्यांत गेले. तुमच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची, आपाची, तब्येत उत्तम आहे. ('उत्तम' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वेगळं वाटण्याची शक्यता आहे.) फक्त तिच्या कपाळावरची एक बट सध्या हिरवी आहे.

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण मी फोनवर बोलायला लागले की चुलीपाशी बसलेली आपा माझ्या वतीने उत्तरं देते हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून पत्र लिहिते आहे आणि मॉस्कोला निघालेल्या शेजारच्या ऐझादाकडे ते देणार आहे. मला अक्षरं आपानेच शिकवली, शाळेचं तोंड बघण्याआधी, याच टेबलाशी. आणि अक्षरांबरोबर हेही शिकवलं की पत्रात वाईट बातमी आधी लिहावी, नाहीतर वाचणारा चांगल्या बातम्यांमध्ये ती शोधत बसतो. म्हणून बट इतक्या वर आली. अजूनही माझं कुठलंच पत्र तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. हेही जाणार आहे. तेव्हा यातलं अक्षर अन् अक्षर खरं आहे याची खात्री बाळगा.

आता मुळापासून सांगते. उन्हाळ्यात आम्ही आजोबांच्या कबरीवरचं गवत काढायला गेलो होतो. त्यांचा दगड तुम्ही पाहिलाच आहे: काळा, गुळगुळीत, त्यावर कोरलेला त्यांचा चेहरा, एकेचाळिसाव्या वर्षाचा, काळ्याभोर मिशा आणि किंचित तिरपी टोपी. शेजारची अर्धी बाजू आपासाठी कोरी ठेवलेली. दरवर्षी आपा तो दगड ओल्या फडक्याने पुसते आणि दोन वाक्यं त्यांच्याशी बोलून निघते. या वर्षी मात्र ती पुसून झाल्यावर त्या कोऱ्या बाजूकडे बघतच राहिली. परतताना वाटेत म्हणाली, "हे एकेचाळीसचे आणि मी शहात्तरची. येणारे-जाणारे काय म्हणतील? बिचारी आई, मुलगा आधी गेला." मी घाबरून विचारलं, आपा, तुला काही होतंय का? "होतंय ना, म्हातारपण. चल लवकर, गाय ओरडत असेल."

पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यातून ते जाईना. पलीकडच्या सोयुंकान आजींनी यावर सोपा उपाय केला आहे. त्यांनी केस काळे करून फोटो काढून घेतला आणि दगडवाल्याकडे नेऊन दिला. त्या फोटोत त्या स्वतःच्या सुनेपेक्षा तरुण दिसतात, आणि सून तेव्हापासून फोटोंच्या भिंतीकडे पाठ करून बसते. आपाने ती सूचना उडवून लावली. "रंगवून गेले आणि वर ह्यांनी ओळखलंच नाही तर? तिथे कुणाला विचारत फिरू?" तिचं म्हणणं असं की केस पांढरे झालेत ते लपवायचे नाहीत, पण लग्नाच्या दिवशी तिच्या कपाळावर ज्या लाटा होत्या (निखाऱ्यात तापवलेल्या चिमट्याने घातलेल्या, सासरच्या बायकांनी महिनाभर नावं ठेवलेल्या) त्याच लाटा पुन्हा हव्यात. फोटोसाठी डोक्यावरचा रुमाल बोटभर मागे सारायचा आणि लाटा दाखवायच्या. "लाटांवरून ओळखतील," ती म्हणाली आणि पीठ मळायला लागली, जसं काही ते ठरूनच गेलं.

मग तुम्ही केसांना लाटा घालायचं ते विजेचं यंत्र पाठवलंत, सोबत सूचनांचा कागद. तो मी पाठ केला, ताएजे. पांढऱ्या केसाला स्वतःचा रंग उरलेला नसतो, त्यामुळे जरा जास्त आच लागली की तो पिवळा पडतो आणि ते पिवळं धुऊन जात नाही. आच अगदी खालच्या आकड्यांवर ठेवावी. केस धुऊन पूर्ण वाळलेले असावेत, त्यांत तेल-तूप काही नसावं. तुम्ही दिलेला फवारा आधी मारावा. बारीक बट घ्यावी, एकदाच फिरवावी, एका जागी धरून ठेवू नये. मी हे इतक्या वेळा म्हणून दाखवलं की आपा म्हणाली, "पुरे गं, गाईलासुद्धा पाठ झालं असेल आता."

मेडेरबेक बाइके फोटो काढायला शुक्रवारी यायचे होते. (गावातले सगळे पासपोर्टचे आणि सगळे दगडांचे फोटो तेच काढतात. दोन्हींसाठी "हसू नका" एवढंच सांगतात.) शुक्रवारी सकाळी मी पाणी तापवून आत आले तर आपाने केसांना वाडगाभर आयरान चोपडलेलं. मी म्हटलं, आपा, कागदात लिहिलंय की काही लावायचं नाही. "कागदात दह्याचं नाव आहे का?" नव्हतं, हे मला मान्य करावं लागलं. (पुढच्या वेळी कृपा करून लिहा.) मी पाण्यावर पाणी ओतलं, पण आंबट वास काही जाईना. मग अंगणात उन्हात तिला बसवून केस वाळवले. ताएजे, मी आपाचे सगळे केस असे मोकळे, उन्हात, पहिल्यांदाच पाहिले. इतके पांढरे की हात लावायला भीती वाटली.

भीती वाटली म्हणूनच मी आपाच्या जुन्या काळची चाचणी केली: चिमटा आधी कागदावर दाबायचा, कागद पिवळा पडला तर केसही पडेल. पहिल्या आकड्यावर वर्तमानपत्र पिवळं पडलं नाही. पण वर्तमानपत्र आधीच जरासं पिवळं असतं, तेव्हा त्यावर काय विश्वास, म्हणून मी वहीचं पान घेतलं. मग वाटलं वहीचं पान जाड असतं, म्हणून चहाच्या पुड्याचा कागद. अशा रीतीने विजेचं बिल, बाबांचं दवाखान्याचं कार्ड आणि गेल्या वर्षीची लग्नाची आमंत्रणं सगळी एकेकदा शेकून झाली. एकही पिवळं पडलं नाही. आपा म्हणाली, "मी अजून जिवंत आहे तोवर सुरू कर."

मी मागच्या बाजूने सुरू केलं. एकेक बारीक बट, एकदाच, हलक्या हाताने. खोलीभर वाळल्या दह्याचे कुरुत भाजल्यासारखा वास पसरला आणि दारात कुत्रा येऊन आशेने बसला, पण केस पांढरेशुभ्र राहिले आणि मऊ लाटा येऊ लागल्या. फक्त कपाळावरचा भाग उरला होता, आणि तेवढ्यात कालवड दावं सोडवून बटाट्यांच्या ढिगावर चढली. मी यंत्र विटेवर ठेवून धावले. तिला बांधून परत आले तेव्हा आपा गुडघ्यांवर हात ठेवून, रुमाल पुढे ओढून, खिडकीबाहेर अगदी सज्जनपणे बघत बसली होती. यंत्राचा आकडा वर सरकलेला दिसला, म्हणजे धावताना माझाच हात लागला असणार. मी तो खाली आणला, पुन्हा वर्तमानपत्र शेकलं, रुमाल मागे सारला, आणि कपाळावरची नेमकी मधली बट पिवळी! मक्याच्या कणसासारखी पिवळी. मी तिला यंत्र लावल्याचं मला आठवतही नव्हतं. म्हणजे मी इतकी निष्काळजी आहे की जाळलेलंही मला आठवत नाही. ताएजे, मी रडले. आपा म्हणाली, "रडतेस काय, केस माझे आहेत," आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला आठवलं की पांढऱ्या कपड्यांचा पिवळेपणा नीळ घातल्यावर जातो. कापसाच्या बोळ्याने मी त्या बटेला नीळ लावली. पिवळ्यावर निळं चढल्यावर काय होतं हे मला शाळेत चित्रकलेच्या तासाला शिकवलं होतं, पण ते योग्य वेळी आठवलं नाही. आपाने आरसा हातात घेतला, मान वळवून नीट पाहिलं आणि म्हणाली, "वा! कबरीवर उगवतं ते गवत माझ्या डोक्यावर आधीच उगवलं. तुला दर वर्षी काढायला यायचा त्रास नको."

आणि नेमके तेव्हा मेडेरबेक बाइके आले. आपाने रुमाल पुढे ओढला. मी चहा ओतायला बसले. पाहुण्याला प्याल्याच्या तळाशी घोट-दोन घोट चहा द्यायचा, म्हणजे तो पुन्हा पुन्हा प्याला पुढे करतो आणि निवांत बसतो, आणि काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ 'प्या आणि उठा', हे मला बोलता येण्याआधीपासून माहीत आहे. पण माझे डोळे आपाच्या रुमालाखालून डोकावणाऱ्या हिरव्या टोकावर होते आणि हात ओतत राहिला. चहा काठावरून बशीत आला तेव्हा मी भानावर आले. बाइकेंनी प्याल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बरं, कळलं," म्हणाले, कॅमेरा पिशवीत घातला आणि गेले. मी फाटकापर्यंत मागे धावले, पण ते मानी माणसासारखे मागे न बघता चालत राहिले. आत आले तर आपा डोळे पुसत हसत होती. "इतकं स्वच्छ 'चालते व्हा' मी उभ्या जन्मात कुणाला म्हटलं नाही!"

वर ती म्हणते काय, की दगड काळा असतो आणि रेघ पांढरी. त्यात पिवळं येणार कुठून आणि हिरवं येणार कुठून? म्हणजे फोटो काढला असता तरी चाललं असतं. हे आधी का नाही सांगितलंस, म्हटलं, तर म्हणाली, "तू विचारलंस कुठे?"

तर ताएजे, तुमच्या यंत्राचा, तुमच्या आईच्या कपाळाचा आणि तुमच्या वडिलांच्या शेजारच्या जागेचा मी असा विचका केला. माझी मनापासून माफी मागते. मी शिक्षा म्हणून त्या दिवसापासून आयरान सोडलं आहे. रोज संध्याकाळी आपाचे केस हलक्या हाताने विंचरून देते.

तुमची अपराधी भाची,
आयझिरेक

ता. क. : निळीचा हिरवा रंग कशाने जातो ते ऐझादाबरोबर कळवा. बट कापायची का? आपा "कापायची नाही" म्हणते, पण कारण सांगत नाही.

ता. क. : सुयुम, ही मी, तुझी आई. वाचलं. शुद्धलेखन ठीक आहे आणि 'उत्तम' हा शब्दही बरोबर आहे. बाकी दुरुस्त करते. बट मी जाळली. पोरगी कालवडीमागे गेली, मला वाटलं एवढ्याशा उबेवर लाटा कधी यायच्या, म्हणून आकडा शेवटाला नेला आणि मधल्या बटेला धरून बसले. कागद लावून बघणार होते, पण घरातले सगळे कागद तिने आधीच शेकून ठेवलेले. सांगणार होते, पण ती इतकं मन लावून माफी मागत होती, आणि विंचरतेही छान. म्हटलं चालू दे थोडे दिवस.

पत्रात वाईट बातमी आधी लिहावी हे मी तिला शिकवलं. खरं मागणं शेवटी लिहावं हे शिकवायचं राहून गेलं, म्हणून ते मी लिहिते. तू यंत्रं पाठवतेस. केसांचं आलं, त्याआधी कणीक मळायचं आलं, त्याआधी पाठ दाबायचं आलं, ते कुत्र्याच्या अंगावर चालवतो. आता काही पाठवू नकोस. येत्या उन्हाळ्यात तू ये आणि लाटा तुझ्या हाताने घाल. तोवर बट कापणार नाही आणि फोटोही काढू देणार नाही. फोटो नाही तर दगड नाही, आणि दगडाशिवाय मी जात नसते. ह्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली, आणखी एक उन्हाळा पाहतील. त्याहून जास्त वेळ त्यांच्याकडे मागायला मला लाज वाटेल.

ता. क. : ताएजे, आपाने लिहिलेलं मी पाकीट चिकटवताना वाचलं. पत्रातल्या सगळ्या माफ्या परत घेते आणि आज वाडगाभर आयरान प्यायले. मेडेरबेक बाइकेंची माफी मात्र तशीच राहू द्या, तो प्याला माझ्याच हाताने भरला होता. तुम्ही आलात की चहा मीच ओतणार आहे. इतका थोडा ओतेन, की पुढच्या बर्फापर्यंत तुम्हाला उठायला जमायचं नाही.