तारेच्या टोकावरच्या टोप्या

सोमवार
आले बाई एकदाची! स्वतःचं बिऱ्हाड, तेही पन्नाशीत. बडबड्या बाईला एकटं राहणं जमायचं नाही, आठवड्यात परत येशील, असं ताई म्हणाली. आता काही झालं तरी परत जायचं नाही. घर छान आहे, खिडकीत ऊन येतं. फक्त टीव्हीचा आवाज सर्दी झाल्यासारखा, म्हणून स्पीकर आणले. दुकानदार म्हणाला, ही ऑप्टिकल तार, हिच्यातून उजेड धावतो आणि स्पीकर त्याचा आवाज करतो. सगळं कळल्यासारखी मी मान डोलावली.

मंगळवार
तार जोडली. दोन्ही टोकं अडत होती, दाबून बसवली. चित्र बातम्यांचं आणि आवाज कुठल्याशा घरातला! भांडी, खोकला, जेवताना चाललेली थट्टा. चॅनेलची गडबड असणार. पण बरं वाटलं. त्यांच्या संगतीनं दोन घास जास्त गेले.

गुरुवार
आमटीत मीठ बरोबर आहे का, असं तिथल्या बाईनं विचारलं. मी आपली गमतीनं कमी आहे म्हणाले. सगळे हसले. मग ती कुणाला तरी म्हणाली, तिला मीठ दे.
मी टीव्ही बंद केला.

शनिवार
दुकानदाराला विचारलं. म्हणाला, टोकांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या काढल्या ना? त्या राहिल्या तर उजेड जात नाही, आवाज येणारच नाही. घरी येऊन बघितलं. दोन्ही टोप्या जागच्या जागी. काढल्या, तर ते घर गायब आणि बातम्या स्वच्छ ऐकू आल्या.

रविवार
ताईचा फोन आला. मजेत आहे म्हणाले. फोन ठेवला आणि घर खायला उठलं. रडले.
टोप्या परत लावल्या. ती बाई म्हणाली, किती उशीर, ताट वाढलंय, ये.
मी हो म्हणाले.

वार कळत नाही
अंधार आहे. अंदाजानं लिहितेय. सगळे जवळ बसलेत, पण तोंड कुणाचंच दिसत नाही — उजेड येतच नाही इथं — भिंती चाचपल्या, दार नाही —

आज
ताईचा आवाज! माझ्याच खोलीतून. रडतेय, उगाच बोलले म्हणतेय. ताई, मी येते गं परत, मी हरले — ऐकू जात नाही तिला — सोबत दुकानदार आहे, माझी चौकशी करत त्याच्याकडे गेली असणार. सांगतोय, बघा, टोप्या तशाच, म्हणून आवाज नाही. काढतो म्हणाला —

ताई, त्याला थांबव, आधी मला बाहेर — टोपी काढू न